बॅटमॅन परतला तेव्हा वाचक काय म्हणाले



ग्रंथालय चळवळीत उभं आयुष्य घालवलेल्या एका कार्यकर्त्याच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते. तिच्या व्यासपीठावर संतसाहित्यावर, सहकारावर, स्वातंत्र्यलढ्यावर बोललं गेलं आहे. मी आज बोलणार आहे अमेरिकेतल्या एका चित्रकादंबरीच्या पुढच्या भागावर आणि त्या भागाविषयी वाचकांनी दिलेल्या मतांवर. हा विषय मी विचारपूर्वक निवडला. वाचक पुस्तकावर हक्क कसा सांगतो, ते आपल्या मनासारखं नसलं की कसा दुखावतो आणि त्या दुखावण्यातूनही कधीकधी किती नेमकं बोलून जातो, हे कॉमिक्सच्या दुनियेत जितकं उघड दिसतं तितकं कथा-कादंबरीच्या व्यवहारात सहसा दिसत नाही. इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळावर ज्यांचं बालपण पोसलं, असे पुष्कळजण या सभागृहात असतील. मुखवटा घातलेला नायक म्हणजे काय, हे त्यांना नव्यानं सांगायला नको.

पहिल्या पुस्तकाचं नाव ‘द डार्क नाइट रिटर्न्स’. डीसी कॉमिक्सनं ते १९८६ साली चार अंकांत काढलं. लेखन आणि चित्रं तिशीही न गाठलेल्या फ्रँक मिलरची. त्याच्या पेन्सिलीवर शाई चढवली क्लाउस जॅन्सननं, रंग दिले लिन व्हार्लीनं. बॅटमॅन तेव्हा जवळजवळ अर्धशतकाचा झाला होता. बॉब केन आणि बिल फिंगर यांनी तो १९३९ साली आणला. १९६६ सालच्या दूरचित्रवाणी मालिकेनं त्याला घराघरांत नेलं, पण विनोदी करून नेलं. डेनिस ओ’नील आणि नील अ‍ॅडम्स यांनी सत्तरच्या दशकात त्याला पुन्हा रात्रीच्या अंधारात उभं केलं होतं. तरीही कॉमिक्स न वाचणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर तो टीव्हीवरचा हसरा बॅटमॅनच होता.

मिलरनं त्याला म्हातारा केला. पंचावन्न वर्षांचा ब्रूस वेन दहा वर्षांपूर्वी निवृत्त झालेला, दारूला जवळ केलेला, आतून धुमसणारा. गॉथम शहर उकाड्यानं आणि गुंडांच्या टोळ्यांनी त्रासलेलं. एका वादळी रात्री तो पुन्हा पोशाख चढवतो. त्याच्यासोबत रॉबिन या कोवळ्या साथीदाराच्या रूपात उभी राहते कॅरी केली नावाची तेरा वर्षांची मुलगी. सुपरमॅन सरकारचा आज्ञाधारक नोकर झालेला आहे आणि राष्ट्राध्यक्षाचा चेहरा रोनाल्ड रेगनसारखा आहे. अखेरीस बॅटमॅन आणि सुपरमॅन एकमेकांशी लढतात. बॅटमॅन मेल्याचं जग मानतं, आणि तो मात्र जमिनीखालच्या गुहेत तरुण पोरांची फौज घडवायला बसतो.

गोष्ट एवढीच. या पुस्तकाचं मोठेपण आहे ते त्याच्या पानांच्या मांडणीत. मिलरनं पान सोळा छोट्या चौकटींत वाटलं आणि त्यातल्या कितीतरी चौकटी दूरचित्रवाणीच्या पडद्यांना दिल्या. बातम्या वाचणारे निवेदक, चर्चेत भांडणारे तज्ज्ञ, रस्त्यावर माईकसमोर उभे राहून मत देणारे नागरिक. बॅटमॅन परतला ही घटना आपल्याला जितकी त्याच्या मारामारीतून कळते, तितकीच लोकांच्या मतांमधून कळते. वृत्तपत्राची संपादिका लाना लँग त्याची बाजू घेते. डॉक्टर वोल्पर नावाचा मानसोपचारतज्ज्ञ ठणकावून सांगतो की गुन्हेगारांचं मूळ बॅटमॅनच आहे, आणि पुढे बॅटमॅनचा जुना शत्रू जोकर त्याच डॉक्टरचा जीव घेतो. रस्त्यावरचा एक सद्गृहस्थ म्हणतो की गुन्हेगारांना सबुरीनं सुधारलं पाहिजे. तो शहरात राहतो का, असं विचारताच सांगतो की छे, शहरात तो कधीच राहणार नाही. दुसरा एक बॅटमॅनचं कौतुक करतो, पण त्या कौतुकात इतका द्वेष भरलेला असतो की बॅटमॅनची बाजू घेणाऱ्यालाही लाज वाटावी. मिलर कुणालाच सोडत नाही. १९८४ साली न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत बर्नहार्ड गेट्झ नावाच्या प्रवाशानं चार तरुणांवर गोळ्या झाडल्या आणि सारं शहर त्याच्या बाजूनं आणि विरुद्ध असं दुभंगलं. त्या वादाची धग या पानांना लागलेली आहे.

म्हणजे हे पुस्तकच मुळात लोकमताचं पुस्तक आहे. नायकाविषयी इतरांनी दिलेले निकाल त्याच्या पानापानांत भरले आहेत आणि त्यातला एकही निकाल पुरा नाही. ही गोष्ट लक्षात ठेवली, तर पुढच्या भागावर जे वादळ उठलं ते नीट समजतं.

वादळाकडे जाण्याआधी या वाचकवर्गाची ओळख करून द्यायला हवी. अमेरिकी कॉमिक्सचा वाचक कधीच मुका नव्हता. अंकांच्या शेवटी वाचकांची पत्रं छापण्याची प्रथा जुनी होती. साठच्या दशकाच्या सुरुवातीला डीसीचे संपादक ज्युलियस श्वार्त्झ यांनी पत्रांखाली लिहिणाऱ्याचा पूर्ण पत्ता छापायला सुरुवात केली. स्वतः श्वार्त्झ कोवळ्या वयात विज्ञानकथांचे चाहते म्हणून हौशी नियतकालिक चालवत, त्यामुळे चाहत्याला दुसऱ्या चाहत्याचा पत्ता मिळणं म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होतं. दूरदूरच्या गावांत एकेकटे वाचणारे आता थेट एकमेकांना लिहू लागले. जेरी बेल्स या प्राध्यापकानं १९६१ साली रॉय थॉमस या तरुण मित्राच्या साथीनं ‘ऑल्टर इगो’ हे चाहत्यांचं नियतकालिक काढलं. हाच रॉय थॉमस १९७२ साली मार्व्हल कॉमिक्सचा मुख्य संपादक झाला. वाचकाच्या खुर्चीतून संपादकाच्या खुर्चीत जाणारी वाट या क्षेत्रात खरोखरच होती.

आणि १९८८ साली या वाचकाच्या हाती थेट जीवनमरणाचा निर्णय दिला गेला. जेसन टॉड हा दुसरा रॉबिन अनेकांना आवडत नव्हता. जोकर त्याला बेदम मारतो, स्फोट होतो, आणि अंक संपतो. शेवटी दोन फोन क्रमांक छापलेले: एक त्याला वाचवण्यासाठी, दुसरा मारण्यासाठी. प्रत्येक फोनला पन्नास सेंट. ५,३४३ मतं मृत्यूच्या बाजूनं पडली, ५,२७१ जगण्याच्या बाजूनं. बहात्तर मतांनी एक पात्र मेलं. मला हा प्रकार तेव्हाही क्रूर वाटला असता आणि आजही वाटतो. वाचकाचं मत मोजता येतं म्हणून ते मोजायलाच हवं असं नाही. मत म्हणजे कारणासह मांडलेलं म्हणणं. पन्नास सेंटांच्या फोनमध्ये कारणाला जागाच नव्हती. २००५ साली डीसीनं जेसनला जिवंत करून परत आणलं, म्हणजे तो निकालही टिकला नाही. इथं एक गोष्ट सांगायला हवी: ‘द डार्क नाइट रिटर्न्स’मध्ये, या मतदानाच्या दोन वर्षं आधीच, जेसन मेलेला होता. त्याच्याबाबत जे घडलं त्यामुळेच ब्रूस वेननं बॅटमॅनचा पोशाख उतरवला होता. मिलरनं एका ओळीत सुचवून ठेवलेलं मरण वाचकांनी पुढे खरं केलं.

मिलरच्या पुस्तकाचा परिणाम असा दूरवर झाला. त्याच वर्षी सुरू झालेल्या अ‍ॅलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांच्या ‘वॉचमेन’सह या पुस्तकानं सुपरहिरो कथांना प्रौढ वाचकांच्या कपाटात जागा दिली. पण पुढच्या पंधरा वर्षांत या दोन पुस्तकांची जी नक्कल झाली, तिनं त्यांच्यातला अंधार तेवढा उचलला. नायक चिडके झाले, बंदुका वाढल्या, रक्त वाढलं. १९९२ साली सुपरमॅनला मारलं, १९९३ साली बॅटमॅनचा कणा मोडला. संग्राहकांनी गुंतवणूक म्हणून एकेका अंकाच्या अनेक प्रती घेतल्या, मग तो फुगा फुटला आणि १९९६ च्या अखेरीस मार्व्हलला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. या काळात वाढलेल्या वाचकाच्या मनात मिलरचं मूळ पुस्तक आणि त्याच्या नकला यांची सरमिसळ झाली. त्या पुस्तकातला विनोद, टीव्हीवरच्या बडबडीची उडवलेली टर, कॅरीचा धीट पोरकटपणा, शेवटी गुहेत फुटणारी आशेची पालवी, हे सारं मागे पडलं. लक्षात राहिला तो आवळलेल्या जबड्याचा, पावसात भिजलेला रागीट म्हातारा.

अशा वाचकाच्या हाती डिसेंबर २००१ मध्ये ‘द डार्क नाइट स्ट्राइक्स अगेन’चा पहिला अंक पडला. तीन जाडजूड अंक, प्रत्येकी जवळपास आठ डॉलर. त्यासाठी लोक पंधरा वर्षं थांबले होते आणि अंकांवर त्यांच्या उड्या पडल्या.

अंक उघडला तर आतलं जगच वेगळं. तीन वर्षं लोटली आहेत. देशाचा राष्ट्राध्यक्ष हा माणूसच नाही. ती संगणकानं तयार केलेली प्रतिमा आहे आणि तिच्या मागे लेक्स ल्यूथर आणि ब्रेनिअ‍ॅक हे खलनायक आहेत. जुने महानायक कैदेत आहेत. अ‍ॅटम प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत अडकला आहे. फ्लॅशला वीज निर्माण करण्यासाठी एका चक्रात अखंड धावायला लावलं आहे. सुपरमॅन, वंडर वूमन आणि कॅप्टन मार्व्हल ल्यूथरच्या तालावर चालतात, कारण त्यांची जिवलग माणसं ओलीस ठेवलेली आहेत; सुपरमॅनच्या बाबतीत ते त्याच्या लोकांचं बाटलीबंद कँडॉर शहर आहे. कॅरी आता सोळा वर्षांची, कॅटगर्ल झालेली. तीच एकेकाला सोडवत जाते. बॅटमॅन स्वतः पहिल्या अंकात जवळपास नाहीच. तो शेवटी येतो आणि सुपरमॅनला बदडून काढतो.

चित्रंही बदलली होती. या वेळी शाई मिलरचीच होती. रेषा जाड, खडबडीत, घाईची वाटणारी. माणसांचे हात मोठे, पाय त्याहून मोठे, चेहरे व्यंगचित्राच्या वळणावर गेलेले. सोळा चौकटींची शिस्त गेली आणि पानभर पसरलेली चित्रं आली. व्हार्लीनं पहिल्या पुस्तकात हातानं दिलेले धुरकट रंग जाऊन संगणकावरचे झगझगीत, विजेचा झटका बसावा असे रंग आले.

वाचकांच्या मतांचे स्थूलमानानं चार प्रवाह मला दिसतात. ते सारख्या वजनाचे नाहीत, म्हणून मी त्यांना सारखा वेळ देणार नाही.

सर्वांत मोठा आवाज चित्रांविरुद्ध होता. हे कच्चं आहे, हे काम उरकलेलं आहे, रंग डोळ्यांना बोचतात, पैसे वाया गेले. या मताशी मी बराच काळ झगडलो आहे, आणि माझा निकाल तुकड्यातुकड्यांत आहे. रंग बोचतात हे खरंच. पण पहिल्या पुस्तकात टीव्ही एका छोट्या चौकटीत होता आणि दुसऱ्यात पडद्यानं सारं पान गिळलं आहे, हे त्या बोचण्यातूनच कळतं. ज्या देशाचा राष्ट्राध्यक्ष एक चकाकती प्रतिमा आहे, ज्या देशात बातम्या देणारे लोक कपडे काढून बातम्या देतात, जिथं सुपरनायिकांचे पोशाख घालून गाणाऱ्या मुलींच्या मागे तरुणाई वेडी झाली आहे, त्या देशाचे रंग सौम्य असते तर ते खोटे ठरले असते. २००१ साली ज्यांना हे फार ताणलेलं वाटलं, त्यांच्या हातातल्या पडद्याकडे आज पाहावं. कुरूपता इथं अर्थ सांगते. चक्रात धावणाऱ्या फ्लॅशला कॅरी सोडवते तो प्रसंग मी अनेकदा पाहिला आहे; गतीची इतकी मोकळी, इतकी आनंदी चित्रं मिलरनं आधी काढली नव्हती.

मात्र तिसऱ्या अंकापाशी वाचकांचं म्हणणं मला मान्य करावंच लागतं. तिथं पार्श्वभूमी रिकामी पडते, रंगांचे नुसते पट्टे उरतात, प्रसंग एकमेकांना धक्के देत पुढे सरकतात. पहिल्या दोन अंकांत खडबडीत रेषा हा निर्णय वाटतो. तिसऱ्यात ती थकवा वाटते. वाचकानं हा फरक केला असता तर त्याची टीका अधिक धारदार झाली असती. बहुतेकांनी तो केला नाही, तिन्ही अंकांना एकाच माळेत ओवलं.

दुसरा प्रवाह डिक ग्रेसनविषयी होता. डिक हा पहिला रॉबिन, १९४० पासूनचा. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी स्वतःला त्याच्या जागी कल्पिलं. या पुस्तकाच्या शेवटी कळतं की जोकरच्या वेशात महानायकांना ठार मारत फिरणारा वेडा मारेकरी म्हणजे हाच डिक. बॅटमॅन त्याला तुच्छतेनं वागवतो आणि संपवतो. अनेक वाचकांचा संताप झाला आणि तो संताप मला योग्य वाटतो. आवडतं पात्र वाईट दाखवलं, एवढंच त्यामागचं कारण नाही. लेखकाला तो अधिकार आहेच. पण त्यानं डिकला पानं दिली नाहीत. एकेकाळचा मुलगा असा का झाला, बॅटमॅनचा त्यात दोष किती, हे विचारायला पुस्तक क्षणभरही थांबत नाही. जे पुस्तक फ्लॅशच्या धावण्याला इतकी जागा देतं, त्यानं ग्रेसनच्या पतनाला एवढीशी द्यावी, हा लेखनातला दोष आहे आणि वाचकांनी तो बरोबर पकडला.

तिसरा प्रवाह थोडक्यात सांगतो. बॅटमॅन या कथेत फार कमी आहे, ही तक्रार. ती वस्तुस्थिती म्हणून बरोबर आणि टीका म्हणून पोकळ आहे. मिलरला या वेळी एका माणसाची कथा सांगायची नव्हती. विस्मरणात ढकललेल्या साऱ्या जुन्या नायकांचं बंड सांगायचं होतं. टीव्हीवर ग्रीन अ‍ॅरो आणि क्वेश्चन हे दोन म्हातारे बंडखोर, एक डावा आणि दुसरा कट्टर व्यक्तिवादी, एकमेकांशी कडाकडा भांडतात, ते प्रसंग बॅटमॅनच्या मारामारीपेक्षा सरस उतरले आहेत. पहिल्या पुस्तकातली मतांची जत्रा इथं सुरूच राहते, यावेळी मतं खुद्द नायकांची आहेत.

चौथ्या प्रवाहापाशी मला सर्वांत जास्त थांबावंसं वाटतं. हे राजकारणाविषयीचं मत. पुस्तकाचं काम चालू असतानाच ११ सप्टेंबर २००१ उजाडला. मिलर न्यूयॉर्कमध्ये राहत होता. कथेत मेट्रोपोलिस शहर उद्ध्वस्त होतं. पहिला अंक डिसेंबरात आला, दुसरा जानेवारीत, आणि तिसरा थेट जुलै २००२ मध्ये. ज्या वाचकांनी नुकतेच आपल्या शहरातले मनोरे कोसळताना पाहिले होते, त्यांनी जळतं मेट्रोपोलिस आणि राज्यसत्तेविरुद्ध उठलेला, हिंसेनं हरखणारा नायक कसा वाचला असेल? अनेकांना ते असह्य झालं. काहींना उलट त्यात सरकारच्या खोटेपणावर बोट ठेवण्याची हिंमत दिसली. दोन्ही मतांना त्यांची तारीख आहे आणि ती तारीख पुसून ती मतं वाचणं अन्याय होईल. त्याच कथेला १९९९ मध्ये वेगळा अर्थ असता.

पण या राजकीय आक्षेपाचा एक भाग तारखेच्या पलीकडचा आहे. पुस्तकाच्या शेवटी सुपरमॅन आणि त्याची मुलगी लारा पृथ्वीकडे वरून पाहतात आणि या ग्रहाचं आपण काय करायचं, असा प्रश्न उरतो. ‘आपण’ म्हणजे कोण? सामान्य माणूस या पुस्तकात गर्दी म्हणून येतो, टीव्हीसमोर बसलेला, सहज फसणारा. पहिल्या पुस्तकातही माणसं हास्यास्पद होती, पण तिथं वीज गेलेल्या शहरात, आग लागलेल्या रस्त्यावर, तीच माणसं एकत्र येऊन बादल्या उचलतात. दुसऱ्या पुस्तकात बादली उचलणारा माणूस सापडत नाही. ज्या वाचकांनी या तुच्छतेविषयी लिहिलं, त्यांनी मिलरच्या विचारांतला खरा धोका ओळखला. २०११ साली त्याचं ‘होली टेरर’ आलं, जे सुरुवातीला बॅटमॅनची कथा म्हणूनच योजलेलं होतं. त्यातला मुस्लिमांविषयीचा सूर पाहिल्यावर या वाचकांची शंका अकारण नव्हती, हे स्पष्ट झालं. पुस्तकाचं प्रेम आणि लेखकाच्या भूमिकेला विरोध ही दोन्ही एका मनात ठेवता येतात. मी ती ठेवतो.

आता या साऱ्याच्या मुळाशी असलेल्या प्रश्नाकडे येतो. पुढचा भाग लिहिण्याचा अधिकार कुणाचा, आणि तो नाकारण्याचा कुणाचा?

स्पॅनिश लेखक सर्व्हान्तेसच्या ‘डॉन किहोते’चा पहिला भाग १६०५ साली आला. १६१४ मध्ये अव्हेयानेदा या टोपणनावाच्या कुणीतरी त्याचा बनावट दुसरा भाग छापला. सर्व्हान्तेसनं १६१५ मध्ये आपला खरा दुसरा भाग काढला आणि त्यात मोठी नवलाई केली: कथेतल्या पात्रांनी पहिला भाग वाचलेला आहे. ती किहोतेला ओळखतात, त्याच्याविषयी त्यांची मतं आहेत, आणि तो बनावट भागही त्यांच्या बोलण्यात येतो. वाचकांचं मत कथेच्या पोटात घेण्याची ही रीत चारशे वर्षं जुनी आहे. मिलरच्या पानांवरचे टीव्ही तिचेच वारस आहेत.

‘वॉचमेन’बाबत वेगळं घडलं. मूर आणि गिबन्स यांच्या करारानुसार पुस्तक छापणं थांबलं की हक्क त्यांच्याकडे परत यायचे होते. पुस्तक इतकं चाललं की छपाई थांबलीच नाही. २०१२ मध्ये डीसीनं ‘बिफोर वॉचमेन’ काढलं, २०१७ ते २०१९ या काळात जेफ जॉन्स आणि गॅरी फ्रँक यांचं ‘डूम्सडे क्लॉक’ आलं. मूर यांचा या साऱ्याला विरोध होता. तिथं वाचकांमधला वाद पुस्तक चांगलं की वाईट यावर सुरू होण्याआधी ते असावं की नसावं यावर पेटला. कित्येकांनी ते हातात घ्यायलाच नकार दिला. मला तो नकारही एक पूर्ण वाङ्मयीन मत वाटतो. लेखकाच्या इच्छेविरुद्ध काढलेला भाग न वाचणं म्हणजे आळस नाही.

मिलरच्या वाचकाला ही सोय नव्हती. इथं मूळ लेखकानंच लिहिलं होतं. ‘हा तोतया आहे’ असं म्हणता येत नव्हतं. मग वाचक म्हणाला, ‘हा माझा बॅटमॅन नाही.’ हे वाक्य त्या काळात अनेकांच्या तोंडी होतं आणि समीक्षकांनी ते बालिश म्हणून उडवून लावलं. मी ते उडवून लावत नाही. कारण ते खरं आहे: पंधरा वर्षांत वाचकानं पहिल्या पुस्तकातून आपला एक बॅटमॅन घडवला होता, आणि तो मिलरच्या बॅटमॅनपेक्षा वेगळा निघाला. पण तो वेगळा निघाला याचा दोष दुसऱ्या पुस्तकावर टाकून भागत नाही. पहिलं पुस्तक पुन्हा उघडून पाहावं लागतं. मी ते पाहिलं आहे, आणि मला तिथं चिडक्या अंधारापेक्षा खट्याळपणा, उपहास आणि तारुण्यावरचा विश्वास अधिक सापडला. दुसरं पुस्तक त्याच धाग्यावर चाललं आहे. धागा शेवटी तुटतो, पण तो त्याच गुंड्यातला आहे. नकलांनी शिकवलेल्या डोळ्यांनी आपण पहिलं पुस्तक वाचलं होतं, हे दुसऱ्या पुस्तकानं उघडं केलं. पुढच्या भागाविषयीचं आपलं मत हे बहुतेक वेळा पहिल्या भागाच्या आपल्या वाचनाचा पुरावा असतं. मला आज जे सांगायचं आहे ते हेच.

२०१५ ते २०१७ या काळात तिसरा भाग आला, ‘द मास्टर रेस’. मिलरसोबत ब्रायन अझारेलोनं लिहिला, अँडी क्यूबर्टनं चितारला, शाईसाठी जॅन्सन परतले. तो नीटनेटका होता, सुबक होता, पहिल्या पुस्तकाच्या चेहऱ्यामोहऱ्याशी मिळताजुळता होता. वाचकांना जे हवं होतं, ते बरंचसं त्यात मिळालं. मला तो वाचून संपल्यावर त्यातलं एकही पान डोळ्यांसमोर राहिलं नाही, आणि दुसऱ्या भागाची कुरूप पानं मात्र आजही पाठ आहेत. तिसरा भाग आल्यावर काही जुन्या वाचकांनी आणि अनेक नव्या वाचकांनी दुसऱ्याकडे पुन्हा पाहिलं. नकलांच्या काळात न वाढलेला तरुण वाचक त्याच्या रंगांना घाबरत नाही. मतं बदलली, सगळ्यांची नाहीत, पण बदलली.

वाचकांच्या आग्रहाचं एक चांगलं फळ सांगतो. बॅटमॅनच्या प्रत्येक अंकावर अनेक दशकं एकट्या बॉब केनचं नाव निर्माता म्हणून छापलं गेलं. पोशाखाचं रूप, गॉथम शहर, नायकाचा स्वभाव यांत मोठा वाटा असलेला बिल फिंगर १९७४ साली हलाखीत वारला. जुन्या चाहत्यांनी त्याचं नाव जिवंत ठेवलं. मार्क टायलर नोबलमन या लेखकानं धागेदोरे जुळवत त्याच्या वारसांपर्यंत पोचून २०१२ साली त्याच्यावर पुस्तक लिहिलं आणि पाठपुरावा सोडला नाही. २०१५ पासून फिंगरचं नाव केनच्या नावाबरोबर छापलं जातं. जेसन टॉडच्या मतदानात वाचक गिऱ्हाईक होता. इथं तो न्यायाच्या बाजूनं उभा राहिलेला माणूस होता.

श्रोतेहो, आपल्याकडे चित्रकादंबरी ही अजून मुलांच्या कोपऱ्यात ठेवली जाते आणि तिच्यावर गंभीर परीक्षणं क्वचित येतात. माझी ग्रंथालयांना विनंती आहे की प्रौढांच्या दालनात या प्रकाराचं एक कपाट उघडावं आणि त्यात ‘द डार्क नाइट रिटर्न्स’च्या शेजारी त्याचा बदनाम दुसरा भागही ठेवावा. आणि आपणा वाचकांना विनंती आहे की दोन्ही लागोपाठ वाचा, इतरांची मतं नंतर वाचा, आणि स्वतःचं मत मराठीत लिहून आपल्या नियतकालिकांकडे पाठवा. ते मत कोणत्या पानावरून झालं, हे त्यात अवश्य लिहा.